वाचक विचारतात: बाभळीवरचे अर्धवट खोपे

मागच्या अंकात पावसाळी पक्ष्यांवर लिहिताना मी एका ओळीत 'सुगरण आपला खोपा विणते' असं लिहून मोकळा झालो आणि चार जणांनी मला बरोबर पकडलं. उचगावच्या एका ताईंनी तर व्हॉइस मेसेजच टाकला, "सर, एवढी वर्षं शाळेत शिकवलात की ओ तुम्ही, विणते नव्हे, विणतो!" चूक कबूल, खोपा विणतो तो नर. हात सवयीनं लिहून गेला, कारण नावच असं आहे की मनात बाईच येते. त्यानंतर सुगरणीवरच इतके प्रश्न आले की यावेळचं सगळं सदर तिला, म्हणजे खरं तर त्याला, देऊन टाकलंय. नावं कुणाचीच छापत नाही, गावं तेवढी देतो.

येळ्ळूरहून: सर, आमच्या शिवारात विहिरीवर एक बाभूळ आहे, वाकलेली. पाऊस लागला की दरवर्षी तिला खोपे लागतात, यंदा मोजले तर २३ भरले. पण निम्म्याच्या वर अर्धेच आहेत, उपडी बुट्टी टांगल्यासारखे, खाली नळी नाहीच. एवढं राबून अर्ध्यात सोडून का जायलेत? वडील म्हणायलेत, औषधं-खतं मारून मारून पक्षीपण आळशी झालाय.

वडिलांना सांगा, आळशी अजिबात नाही. एका खोप्यासाठी त्याच्या पाचशेपर्यंत फेऱ्या होतात, काडी काडी नव्हे तर पट्टी पट्टी आणून. तुमच्याच भाताच्या पातीला तो बुडाजवळ चोचीनं एक चीर पाडतो, ते टोक धरतो आणि सरळ उडतो, की पात उभी फाटून पट्टी त्याच्या चोचीत येते, २० ते ६० सेंटीमीटर लांब. माडाच्या झावळीचंही तसंच करतो, शिंदीचंही. पट्टी हिरवी पाहिजे, कारण हिरवी असली तरच ती वळते, गाठ बसते, आणि मग वाळली की ती गाठ आवळून घट्ट होते. तुमच्या बाभळीवर हिरवे आणि तपकिरी असे दोन्ही रंगांचे खोपे दिसत असतील, त्यातला हिरवा म्हणजे काम चालू आहे असं समजा.

आता सुरुवात कशी होते ते सांगतो, कारण अर्ध्या खोप्याचं उत्तर त्यातच आहे. आधी फांदीच्या टोकाला पट्ट्या गुंडाळून गुंडाळून एक दोरी, मग त्या दोरीला खाली एक कडं, झोपाळ्यासारखं. त्या कड्यात तो पाय रोवून बसतो आणि चोच पोचेल तिथपर्यंत पुढं-मागं विणत जातो. पायाखाली पट्टी दाबून धरायची, चोचीनं आत घालायची, पलीकडून ओढायची, परत आत, म्हणजे आपल्याकडे बाजेची सुंभ विणतात तसंच काहीसं, फक्त दोन हातांच्या ऐवजी एक चोच. साधारण आठ दिवसात वरचा घुमट तयार होतो, खालून उघडा, मधून एक आडवी पट्टी जाते. पक्ष्यांचे अभ्यासक या टप्प्याला हेल्मेट म्हणतात आणि आडवी पट्टी बघितली की खरंच हनुवटीखालच्या बेल्टची आठवण येते. तुमची उपडी बुट्टी म्हणजे हेच हेल्मेट.

आणि इथं तो काम थांबवतो. मुद्दाम. कारण आता मादी येऊन बघणार असते. आपल्याकडे पोराकडचे पोरगी बघायला येतात, इथं पोरगीच घर बघायला येते, तेही चहा-पोहे न घेता. झाडाजवळ मादी आली रे आली की सगळे नर आपापल्या खोप्याला उलटे लटकून पंख फडफडवतात आणि कलकलाट करतात, लांबनं ऐकलं तर वाटेल शाळेची सुट्टी झाली. ती येते, आत शिरते, चोचीनं इकडं तिकडं ओढून बघते, आणि पटलं नाही तर सरळ शेजारच्या खोप्यात जाते. पटलं तर जोडी जमते आणि मगच तो उरलेलं करतो, अंड्यांची खोली बंद करायची आणि खाली ती लांब नळी सोडायची. पूर्ण खोप्याला एकूण साधारण १८ दिवस लागतात. आतलं मऊ अंथरूण वगैरे मादी बघते, तेवढा तिचा वाटा.

म्हणजे तुमच्या बाभळीवरचे निम्मे खोपे हे नापास झालेले आहेत. नापास झालेल्या खोप्यावर तो पुढं वेळ घालवत नाही, शेजारी नवीन सुरू करतो. काही अर्धे खोपे पोरसवदा नरांचेही असतात, त्यांना अजून हात बसलेला नसतो, ते सराव म्हणून काहीतरी वेडंवाकडं विणत बसतात, गाठी सुटतात, खोपा एका बाजूला लोंबतो. जन्मतःच सगळं येतं असं नाही. विणायची ओढ उपजत असली तरी सफाई करून करूनच येते, हे आफ्रिकेतल्या त्यांच्या भाऊबंद जातींवर झालेल्या अभ्यासात चांगलं दिसलंय.

मादी नेमकं काय बघते? मला आधी वाटायचं विणकाम बघत असणार. पण संशोधकांनी मोजमापं घेऊन बघितलं तर विणीपेक्षा जागेला ती जास्त मार्क देते असं निघालं: उंचावर आहे का, फांदी बारीक आहे का, झाड काटेरी आहे का. बरोबरच आहे की, साप, सरडा, उंदीर हे सगळे फांदीवरनंच येतात, बारीक फांदी आणि काटे म्हटल्यावर त्यांची पंचाईत. तेव्हा बिचाऱ्यानं कितीही सुबक विणलं आणि प्लॉटच चुकीचा घेतला असेल तर उपयोग नाही. गावात बंगले बांधून भाडेकरू न मिळालेले लोक मला माहीत आहेत, त्यांना हे लगेच पटेल.

बरं, जोडी जमली म्हणून हा संसारात रमतो असंही नाही. मादी अंड्यांवर बसली की महाराज त्याच झाडावर दुसरा खोपा सुरू करतात, दुसऱ्या मादीसाठी, जमलं तर तिसऱ्या. ही भानगड पहिल्यांदा नीट उलगडून लिहिली ती पक्षीतज्ज्ञ सालिम अलींनी. १९३० साली जर्मनीहून शिकून आले, हाताला नोकरी नाही, म्हणून मुंबई सोडून अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि तिथं दारातच सुगरणीची वसाहत. महिनोन्महिने रोज बसून कुठला नर, कुठला खोपा, कोण आली, कोण गेली हे टिपलं आणि १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये छापलं. त्या काळात नोकरी मिळाली असती तर हे कदाचित राहूनच गेलं असतं. तुमच्याकडे तर विहीरही आहे आणि २३ खोपेही, एक वही घ्या आणि बांधावर बसा.

बेळगुंदीहून, त्याच विषयावर: आमच्या शिंदीवर सगळे खोपे एकाच बाजूला आहेत, दुसरी बाजू रिकामी. असं का?

ती बाजू पूर्वेची आहे का बघा, बहुतेक असेल. आपला पाऊस येतो तो गोवा-कोकणाच्या अंगानं, नैऋत्येकडून, वारा घेऊन. झाडाच्या पूर्वेच्या अंगाला खोपा टांगला की झाडाचाच आडोसा मिळतो. आपणही घराच्या पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात आडोशाची झडी लावतोच.

खानापूरहून, कॉलेजला असलेली एक वाचक: मी ग्रुपवर सुगरणीचा फोटो टाकला तर सगळे हसायला लागले, म्हणे ही साधी चिमणी आहे. मला शंभर टक्के खात्री आहे की ती खोप्यातनंच बाहेर आली होती. चिमणी आणि सुगरण ओळखायची कशी? आणि दिवाळीनंतर ते पिवळे पक्षी जातात कुठं?

खोप्यातनं आली असेल तर हसणाऱ्यांना हसू दे, पण त्यांचीही पूर्ण चूक नाही, कारण मादी खरोखरच चिमणीसारखी दिसते. आकार तेवढाच, साधारण १५ सेंटीमीटर, रंग मातकट, पाठीवर गडद तपकिरी रेघा. फरक बघायचा असेल तर चोच बघ, सुगरणीची चोच जाड, शंकूसारखी, चेहऱ्याच्या मानानं मोठी वाटते, आणि शेपूट आखूड, टोकाला चौकोनी कापल्यासारखं. डोळ्यावरनं फिकट पिवळसर भुवई जाते.

नर मात्र विणीच्या हंगामात ओळखायला काही कष्टच नाहीत. डोक्यावर झगझगीत पिवळी टोपी, गालापासून गळ्यापर्यंत काळपट तपकिरी मुखवटा, चोचही काळपट, छाती पिवळी, पाठ गडद आणि तिच्यात पिवळ्या रेघा. आपल्याकडच्या नैऋत्य भागातली, खाली केरळपर्यंतची, जी उपजात आहे ती रंगाला आणखी थोडी गडद असते.

आणि ते जात कुठंच नाहीत. हंगाम संपला की नर पिसं टाकतो, पिवळी टोपी गेली, मुखवटा गेला, चोच फिकट झाली, आता तो आणि मादी शेजारी बसले तर मलाही सांगता येणार नाही कोण कोण ते. मग थवे करून शेताशेतातनं हिंडतात, मुनियांच्या थव्यातही मिसळतात आणि रात्री नदीकाठच्या लव्हाळ्यात नाहीतर उसात मुक्काम करतात. पाऊस आणि दाणापाणी बघून थोडं इकडं तिकडं सरकतात तेवढंच, सायबेरियाला वगैरे जात नाहीत. थंडीत तुझ्या ग्रुपवरचे लोक 'चिमण्या केवढ्या आल्यात बघा' म्हणून फोटो टाकतील, तेव्हा झूम करून चोच बघ. हसायची पाळी तुझी येऊ शकते.

एक गोष्ट, तू खानापूरची म्हणून सांगतो. हा पक्षी उघड्या रानाचा. शेत, गवत, पाणी, मधेमधे एखादं झाड, असं पाहिजे त्याला. तुमच्याकडे पूर्वेला भातशेतीच्या बाजूनं शोध, जांबोटी-कणकुंबीच्या दाट जंगलात फिरून तुला काही मिळायचं नाही.

निपाणीहून: आजी म्हणते, सुगरण खोप्यात ओला चिखल लावते आणि त्यात काजवा चिकटवते, रात्री पोरांना उजेड पाहिजे म्हणून. खरं आहे काय?

अर्धं खरं आहे, आणि जे अर्धं खरं आहे तेच जास्त मजेशीर आहे. चिखल लावतात हे आजीनं अगदी बरोबर बघितलंय. हेल्मेटच्या टप्प्यातला खोपा हातात आला तर आत भिंतीला चिखलाचे, कधी शेणाचेही, वाळलेले गोळे दिसतात. काजवा मात्र नाही. रात्री पिल्लं आणि आई झोपतात, दिवा लावून अभ्यास करायचाय कुणाला? हलका खोपा वाऱ्यात भिरभिरू नये म्हणून हे वजन टाकत असावेत असं साधारण मानतात.

काजव्याची गोष्ट कशी आली असेल यावर माझा आपला एक अंदाज आहे. आपल्याकडे काजवे चमकतात ते मे महिन्याच्या शेवटी आणि पहिल्या पावसाच्या सुमाराला, आणि सुगरणीची लगबगही त्याच सुमाराला सुरू होते. रात्री बाभळीवर काजवे, सकाळी त्याच बाभळीवर खोपे, आणि खोप्यात चिखल. एवढा माल हातात असल्यावर कुठली आजी गोष्ट करणार नाही? आजीला सांगा, शास्त्रात बसत नसली तरी गोष्ट चालू ठेवा.

हुक्केरी तालुक्यातून: तुम्ही पक्ष्यांचं कौतुक लिहिता, पण माझ्या जोंधळ्याचं काय? थवाच्या थवा उतरतो, कणसं मोकळी करून जातो. मळ्यातली बाभूळ तोडून टाकावी म्हणतोय, म्हणजे मुळावरच घाव. चूक आहे काय?

राग समजू शकतो, आमच्या घरीही जोंधळा होता, लहानपणी माळ्यावर बसून गोफण फिरवायचं काम माझ्याकडेच असायचं आणि माझा नेम इतका वाईट होता की पाखरांपेक्षा शेजारच्या शेतातला गडीच जास्त घाबरायचा. तो दाणे खातो हे खरंच आहे. भात, जोंधळा, बाजरी, राळा, गवताचं बी, सगळं चालतं त्याला, आणि दाणा चिकात असताना तर विचारूच नका.

पण बाभूळ तोडून काय होणार याचा हिशेब जरा नीट करा. बाभळीवर खोपे असतात तेव्हा पावसाळा चालू असतो आणि तेव्हा पिल्लांसाठी हेच पक्षी तुमच्या रानातनं अळ्या, नाकतोडे, असले किडे उचलून नेत असतात, कारण पिल्लाला कोवळेपणी किडेच लागतात. कणसं खायला येतो तो थवा मात्र हंगामानंतरचा, लांबलांबचे पक्षी गोळा होऊन फिरणारा. तो तुमच्या बाभळीवर राहात नाही, रात्री कुठल्यातरी उसात किंवा नदीकाठी असतो. म्हणजे बाभूळ गेली तर किडे खाणारा घरचा जाईल आणि दाणे खाणारा पाव्हणा येतच राहील.

दाणा चिकात असतानाचे पंधरा-वीस दिवस सकाळ-संध्याकाळ राखण, चमकणारी फीत दोन खुंटांमधे पीळ देऊन बांधायची म्हणजे वाऱ्यात आवाज करते, आणि आजूबाजूच्या चार शेतकऱ्यांनी एकाच वेळी पेरणी केली तर नुकसान सगळ्यांत वाटलं जातं, एकट्याच्या पदरात पडत नाही. हे सगळं करूनही थोडं जाणारच, ते मी नाही म्हणत नाही. बुजगावण्यावर फार भरवसा ठेवू नका, दोन दिवसात त्याच्याच डोक्यावर येऊन बसतात.

बेळगाव, शहापूरहून: गणपतीच्या डेकोरेशनला सुगरणीचे खरे खोपे लावायचे आहेत. एक माणूस आणून देतो म्हणाला. आणि नंतर तेच गॅलरीत टांगले तर त्यात चिमण्या राहतील ना?

वहिनी, कृपा करून नको. गणपती येतो भाद्रपदात आणि तेव्हा खोप्यांत अंडी-पिल्लं असतात, तो माणूस फांदीसकट तोडूनच आणणार. आत २ ते ४ पांढरी अंडी असतात, मादी एकटीच पंधरा-सतरा दिवस उबवते, मग पिल्लं आणखी साधारण १७ दिवस आत असतात. म्हणजे खोपा भरलेला असतो तो जवळजवळ महिनाभर, आणि बाहेरनं भरलेला की रिकामा हे कळत नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यात घरटं मोडणं, अंडी काढणं हे शिकारीतच धरलंय, तेव्हा बाप्पासमोर ते कशाला?

गॅलरीतली चिमणी तर लोंबत्या खोप्यात येणारच नाही, तिला भिंतीतलं भोक, वळचण, खोकं असलं काहीतरी लागतं. लाकडी खोकं टांगा, तिथं येईल. झाडावर उरलेला जुना खोपा मात्र वाया जात नाही, त्यात मुनिया येऊन राहतात, कधी झाडावर चढणारा छोटा उंदीरही मुक्काम करतो. एकदा मी रिकामा समजून बोट घातलं होतं आणि उंदरानं ते चाखून बघितलं, म्हणून एवढ्या खात्रीनं सांगतोय.

पूर्वी तर लोक हा पक्षीच पाळायचे. अकबराच्या काळापासून रस्त्यावरच्या खेळात सुगरण असायची, सुई-दोऱ्यात मणी ओवून दाखवायची, वर उडवलेलं नाणं झेलून आणायची. चोचीत आणि पायात एवढं कसब आहे म्हटल्यावर माणसानं त्याचा तमाशा केला. आता पिंजऱ्यात ठेवणंही गुन्हाच आहे, कुणी विकत असेल तर घेऊ नका.

चिकोडीहून, सातवीतला विद्यार्थी: शेजारचे अण्णा या पक्ष्याला गीजग म्हणतात, आम्ही सुगरण म्हणतो, आणि पुस्तकात शास्त्रीय नाव प्लोसियस फिलिपिनस दिलंय. मग हा फिलिपाईन्सचा पक्षी आहे का? खरं नाव कुठलं?

गीजग हे कन्नड नाव, सुगरण आपलं, हिंदीत बया, तिन्ही खरी. अण्णांना विचार, 'गीजगाचं गूडु', म्हणजे खोपा, बघितलंय का, ते तुला विहिरीपर्यंत घेऊन जातील.

फिलिपाईन्सचं मात्र तू छान पकडलंस. हा पक्षी तिकडचा नाहीच. १७६६ मध्ये लिनियस या स्वीडनच्या शास्त्रज्ञानं नाव दिलं तेव्हा त्याच्याकडे आलेल्या माहितीत गावच चुकीचं होतं, खरा पक्षी श्रीलंकेतला असावा असं पुढं ठरवलं गेलं. पण शास्त्रात नियम असा की पहिलं दिलेलं नाव, ते चुकीच्या देशाचं असलं तरी, उगाच बदलता येत नाही. आपल्या जिल्ह्याच्या पाटीवर २०१४ साली बेळगावचं बेळगावी झालं, सुगरणीला मात्र अडीचशे वर्षं कुणी पाटी बदलून दिलेली नाही आणि ती फिलिपाईन्सची म्हणूनच येळ्ळूरच्या बाभळीला लटकतीय. लटकतोय. बघा, परत चुकलो.